धुतलेल्या रेघा

आट्यापाट्यांसाठी पार्किंगमध्ये मी फक्कीनं आखलेल्या रेघा आज सकाळी कुणीतरी धुऊन काढलेल्या दिसल्या. ओल्या कोब्यावर पांढुरका ओघळ तेवढा उरला होता. मी फारसा शिकलेलो नाही, पण शाळेतून आलेली माझी नात सोफ्यावर आडवी होते आणि दोन जिने चढताना धापा टाकते, हे मला दिसतं. गाडीला नुसतं उभं राहायला जागा लागते, लेकराला पळायला लागते.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आजोबा, पोरं पळताना गाड्यांना पोचे पडतात."

म्हटलं, "पोचा गॅरेजवाला काढतो. माझ्या नातीच्या पायांचं गॅरेज दाखवा मला."

संध्याकाळी कोबा सुकला. नात म्हणाली, "आबा, उद्या परत धुतील."

"धुऊ देत. तू दोरी ताणून धर."

तिनं धरली. या खेपेला मी रेघ चांगली जाड ओढली.