आत्तींच्या वाटणीचं पाणी

आमच्या आत्तींची, म्हणजे सासूबाईंची, उजवी बाजू लुळी पडली आणि त्याच उन्हाळ्यात उचगावच्या आमच्या परड्यातलं बोअर आटलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही तासभर. नवरा मच्छे गावातल्या कारखान्यात पाळीवर जायचा. घरात मी आणि खाटेवर आत्ती.

त्यांचं सगळं अंथरुणातच व्हायचं. रोज चादरी, लुगडी धुवायची. घरात पाणी कुठं कुठं जातं, ते मला तेव्हा कळायला लागलं. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, चादरी खळबळलेलं पाणी संडासाला. मी केस धुवायचं सोडलं. पाहुण्यापुढं तांब्या ठेवताना हात आखडायचा. तरी पिंपाचा तळ दिसायचाच, कारण सगळ्यात जास्त पाणी त्या खाटेलाच लागायचं. हे मी कधी बोलले नाही. पण पिंप त्यांच्या समोरच होतं. मी आत वाकून तळ खरवडताना त्या बघत असायच्या.

एका दुपारी त्यांचं बोलणं अडखळायला लागलं. ओठ फुटलेले, अंग तापलेलं. मला वाटलं, परत झटका आला. शेजाऱ्यांच्या गाडीतून बेळगावला नेलं. डॉक्टरांनी जीभ बघितली आणि माझ्यावरच ओरडले, "म्हातारीला पाणी देत न्हाय काय हो?"

"देते की! उशाला तांब्या भरून ठेवते. दरवेळी रिकामा झालेला असतोय."

सलाईन चढल्यावर त्या जरा सावध झाल्या. मी विचारलं, "आत्ती, तांब्यातलं पाणी काय करत होता?"

"तू भाईर गेलीस की खाटंजवळच्या घागरीत वतत होते. प्यालं की भिजतंय. भिजलं की तुला धुणं. कुठनं आणतीस गं एवढं पाणी?"

मी खराब कपड्यांचा बोळा घेऊन दवाखान्याच्या मोरीत गेले. तिथं नळाला धो धो पाणी. लुगडं धरलं खरं, पण मला धुवायला सुचेना, नळ बंद करायलाही सुचेना. तोंडात पदर कोंबून रडले.

परत आले तर त्या म्हणाल्या, "आवाज आला. हितं रोज पाणी येतंय?"

"व्हय."

"मग मला हितंच ऱ्हाऊ दे. घरला नगं."

दवाखान्यातून सोडलं तेव्हा नणंद आली. बेळगुंदीला तिच्या सासरच्या विहिरीत अजून पाणी होतं. "वैनी, आईला मी न्हेते," ती म्हणाली. नवऱ्यानं मान खाली घातली. नको म्हणायला माझंही तोंड उघडलं नाही. गाडीत बसवताना आत्तींनी डाव्या हातानं माझी बोटं घट्ट धरली. सोडवून घ्यावी लागली.

आता घरातलं पाणी पुरतं. पिंपात थोडं उरतंसुद्धा. ते उरलेलं पाणी मला बघवत नाही.

परवा नणंदेचा फोन आला. त्यांच्या विहिरीलाही गाळ लागलाय. पाण्याचा पेला पुढं केला की आत्ती तोंड मिटून घेतात म्हणे. मी दोन कॅन भरले आणि बस गाठायला निघाले.

"एवढ्यानं काय हुणार हाय?" नवरा म्हणाला.

मी कॅन उचलले आणि चालायला लागले.