माझ्या कुत्रीवर आलेला आळ

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका जनावरांच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं काम केलं. तपासताना जनावर धरणं, जखमा धुणं, टाके काढणं, सलाईन लावलेल्या कुत्र्यापाशी बसून राहणं, असली कामं. माझी कुत्री मला तिथेच मिळाली. मागचा पाय मोडलेलं पिल्लू कुणीतरी सकाळी पायरीवर ठेवून निघून गेलं होतं. पाय जुळला, पण थोडा वाकडाच राहिला, आणि पिल्लू माझ्यासोबत अंबरनाथला घरी आलं. दिसायला तांबूस, साधी गावठी कुत्री. तिचा एकच गुण सांगण्यासारखा. समोरचं माणूस घाबरलेलं असलं की ती खाली बसायची आणि तोंड दुसरीकडे फिरवायची, जणू तिला त्याच्याशी काही घेणंच नाही. मग माणूस आपण होऊन जवळ यायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तो गुण माझ्या मैत्रिणीच्या लक्षात आला. आम्ही अंबरनाथच्या शाळेत पाचवीपासून एका बाकावर बसलेल्या. ती पुढे विशेष मुलांची शिक्षिका झाली आणि लग्न होऊन बदलापूरला गेली. एकदा माझ्या घरी आली असताना कुत्रीकडे बघत मला म्हणाली, "अगं, माझ्या शाळेतून अठरा वर्षांची होऊन बाहेर पडणारी मुलं नंतर घरात नुसती बसून असतात. त्यांना हिच्यासोबत काम दिलं तर?"

तिच्या सासरच्या घराला मोठं अंगण होतं. मागच्या बाजूला तिनं लोखंडी जाळीचे चार गाळे करून घेतले. गावाला जाणारे लोक आपली कुत्री आमच्याकडे ठेवून जायचे आणि त्यांची देखभाल करायला मैत्रिणीची ही मोठी झालेली मुलं यायची. त्यांना ब्रश करणं, पाणी बदलणं, अंगणात फिरवून आणणं शिकवायचं काम माझं होतं. त्यासाठी मी दवाखाना सोडला. माझी कुत्री गाळ्यात नसायची, ती मोकळी असायची. नवीन आलेलं कुणीही आधी तिच्याजवळ बसायचं आणि भीती गेली की मग दुसऱ्या कुत्र्यांकडे वळायचं.

त्यातली एक होती तिशीची. डाऊन सिंड्रोम असलेली, बुटकी, केसांना कायम दोन क्लिप लावलेली. बोलायची थोडं, आणि तेही अर्धंच कळायचं. पहिल्या दिवशी ती दाराबाहेर तासभर उभी होती. कुत्री जाऊन उंबऱ्यावर बसली, तिच्याकडे पाठ करून. तासाभरानं त्या पाठीवर एक बोट टेकलं. त्यानंतर दोन वर्षं कुत्रीचं सगळं तिच्याकडे होतं. ती तिला "बाय" म्हणायची. रोज आल्यावर आधी बायचे कान बघायची, मग डोळे, मग वाकडा पाय, अगदी मी शिकवलं होतं त्या क्रमानं, आणि झालं की मला मान हलवून सांगायची. तिची आई एकदा म्हणाली, "ताई, घरी ती माझेपण कान बघते आता."

त्या सकाळी मी स्वयंपाकघरात कुत्र्यांसाठी भात शिजवत होते. मागून किंकाळी आली. धावत गेले तर त्या मुलीच्या उजव्या हातातून रक्त वाहत होतं. कोपराखाली लांब फाटलेलं आणि त्याच्या वर खोल टोचल्याच्या दोन खुणा. कुत्री तिच्या पायाशी होती, तोंडाला रक्त. मैत्रिणीनं कुत्रीचा पट्टा घट्ट धरला होता.

"चावली तुझी," ती म्हणाली.

मी कुत्रीला एक चापट मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ती कळवळली नाही, खाली बसली आणि तिनं तोंड फिरवलं.

जखम मी नळाखाली साबणानं धुतली. धुताना मला दिसलं होतं. कुत्रं चावतं तेव्हा दातांच्या खुणा दोन्ही बाजूंना उमटतात, वरच्या जबड्याच्या आणि खालच्या. इथे खालच्या बाजूला काहीच नव्हतं. हे दवाखान्यात मी शेकडो वेळा पाहिलेलं. पण मैत्रीण बाजूलाच उभी होती, तिनं डोळ्यांनी बघितलं म्हणत होती, आणि पाचवीपासून तिनं माझ्याशी खोटं बोललेलं मला आठवत नव्हतं.

मुलीला माणसांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रं चावलं?" मी हो म्हणाले. महिनाभरात पाच इंजेक्शनं ठरली. तिच्या आईला घरकामातून वेळ मिळेना, म्हणून प्रत्येक वेळी मीच तिला घेऊन गेले. सुई बघितली की ती आक्रसायची आणि जखमेवर हात ठेवून म्हणायची, "बाय नाय. जाई. जाई."

"हो, जाऊया घरी," मी म्हणायचे. "एवढं झालं की लगेच जाऊ."

ती रागानं मान हलवायची. मला वाटायचं, सुईचा राग असेल.

कुत्रीला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवलं. तिला काही झालेलं नव्हतं, सगळ्या लशी मीच वेळेवर दिलेल्या होत्या. तरी मैत्रिणीनं पालकांची बैठक घेतली. मी कोपऱ्यात बसले होते. ती म्हणाली की कुत्रीचं वय झालंय, वयानं स्वभाव बिघडतो, तिला इथून हलवलं जाईल. मग सगळ्यांदेखत माझा हात धरून म्हणाली, "हिच्यासाठी हे किती कठीण आहे ते मला माहीत आहे." माझे डोळे भरून आले. मला ते तिचं प्रेम वाटलं.

अंबरनाथच्या घरीही कुत्री ठेवता आली नाही. आमच्या इमारतीतली दोन मुलं मैत्रिणीकडे यायची, त्यांच्या घरून बातमी जिन्यात पोचली होती. शेवटी बारवी धरणाच्या बाजूला एका पाड्यावर माझी मावशी राहते, भातशेती आहे, तिच्याकडे कुत्री सोडून आले. निघताना मी मागे वळून बघितलं नाही.

चारच दिवसांत मागच्या चारही गाळ्यांना नवीन जाळी बसली. तिसऱ्या गाळ्याच्या दाराची तार सुटून बाहेर आली होती, हे मी मैत्रिणीला दोनदा सांगितलं होतं. तिनं तिथे फडकं गुंडाळून ठेवलं होतं. नवीन जाळी बघून मी म्हणाले, "बरं झालं, एकदाचं मनावर घेतलंस." ती म्हणाली, "हो गं, राहूनच जात होतं."

ती तिशीची मुलगी यायची, पण कामाला हात लावायची नाही. ब्रश दिला तर खाली ठेवायची. अंगणात कुत्री जिथे बसायची तिथे जाऊन बसायची. असे तीनेक महिने गेले. मग तिनं येणंच बंद केलं, म्हणून मी कॅम्प दोनमध्ये तिच्या घरी गेले.

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली शिवून आलेल्या जीन्सचा ढीग. तिची आई घरी बसून जीन्सचे सुटलेले धागे कापायची. मुलगी खिडकीपाशी उभी होती. खिडकीला कबुतरांसाठी जाळी लावलेली. मला बघून ती आली नाही. बोटं जाळीत अडकवून म्हणाली, "जाई."

"जाळीतून हात काढ गं," आई धागा कापता कापता म्हणाली. "लागेल."

मी विचारलं, "काकू, ती काय म्हणाली?"

"जाळी. तिला ळ येत नाही ना."

"मग घरी जायचं असलं की काय म्हणते?"

"घई." आई हसली. "दोन्ही सारखंच वाटतं तुम्हाला. मला कळतं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिनं बाही वर केली, हातावरचा पांढरा पडलेला व्रण दाखवला आणि मग जाळीवर बोट टेकवलं. "बाय नाय," ती म्हणाली. दवाखान्यात पाच वेळा म्हणाली होती तसंच, सावकाश, मी आता तरी ऐकेन म्हणून.

कुत्रीच्या तोंडाला रक्त का होतं तेही मला तेव्हा उमगलं. ती जखम चाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं यायच्या आधी मी बदलापूरला मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात उभी राहिले. ती दुधाखाली गॅस लावत होती.

"तिला तार लागली होती ना?"

ती वळली नाही. "कोण म्हणालं?"

"तीच. पहिल्या दिवसापासून म्हणतेय."

तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "हो. लागली. मी काय सांगायचं होतं बैठकीत? माझी जाळी तुटलेली होती म्हणून? दुसऱ्या दिवशी एक मूल आलं नसतं इथे. कुत्रं चावलं तर कुत्र्याला हलवून भागतं."

"मला तरी सांगायचंस."

"तू गप्प बसली असतीस?"

मी पर्स ओट्यावर ठेवली.

"बघ," ती म्हणाली. आता तिचा आवाज समजावण्याचा झाला होता, वर्गात मुलांशी बोलते तसा. "कुत्रीला काय कळतंय? ती तिकडे मजेत आहे. शेत आहे, मोकळं आहे. कुणाचं नुकसान झालं?"

"ती पोरगी महिनाभर सुया टोचून घेत होती. खरं सांगत होती आणि मी तिला गप्प करत होते."

"आणि तू?" ती एकदम माझ्याकडे वळली. "हात तूच धुतलास ना? चौदा वर्षं दवाखान्यात काढलेली तू. तुला दिसलं नाही?"

मी पर्स घेतली आणि निघाले. फाटकाशी मुलं यायला लागली होती. एकानं मला नेहमीसारखी टाळी दिली. मी ती घेतली आणि चालू लागले.

मी ठरवलं होतं की सगळ्या पालकांना सांगायचं. सुरुवात त्या मुलीच्या आईपासून केली. तिनं कात्री खाली ठेवून सगळं ऐकलं.

"माझी पोरगी खोटं बोलत नाही, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण शाळेच्या बाई इतक्या शिकलेल्या. मला वाटलं, कुत्रीवर जीव आहे म्हणून झाकत असेल." मग मुलीकडे बघत म्हणाली, "ताई, तुमचं खरं आहे. पण तुम्ही ओरडलात आणि ते बंद पडलं, तर ही जाईल कुठे? दुसरी जागा सांगा. उद्यापासून तिथे पाठवते."

मला दुसरी जागा माहीत नव्हती.

"नवीन जाळी बसली ना?" तिनं विचारलं.

"बसली."

"मग राहू द्या."

मी राहू दिलं. ती मुलगी पुन्हा तिथे जायला लागली. मी गेले नाही.

मावशीच्या पाड्यावर मात्र मी त्याच आठवड्यात गेले. मावशी म्हणाली, "पयले पंधरा दिस ती रस्त्यावर बसून व्हती बघ. रिक्षा आली का उठायची. मग सोडलान तिनं. आता गोठ्यातच पडून असते."

मी हाक मारली. कुत्री गोठ्यातून आली, माझा हात हुंगला आणि दोन पावलांवर खाली बसली. तोंड दुसरीकडे फिरवलं. माझ्याशी ती असं कधीच वागली नव्हती, कारण मला ती घाबरलेलं माणूस समजत नसे. मीही तिच्याजवळ मातीत बसले. मावशीनं चहा आणला तो निवून गेला. बऱ्याच वेळानं तिनं हनुवटी माझ्या पायावर ठेवली.

तिला घेऊन मी परत आले. इमारतीतल्यांना एकेकाच्या दारी जाऊन सांगितलं की ती चावली नव्हती. कुणी मान डोलावली, कुणी "बांधून ठेवा म्हणजे झालं" म्हणालं. आता मी पुन्हा एका दवाखान्यात काम करते आणि दर रविवारी कुत्रीला कॅम्प दोनमध्ये घेऊन जाते. जीन्सचा ढीग बाजूला सरकवून तिच्यासाठी जागा करतात. कान, डोळे, वाकडा पाय, सगळं तपासून झालं की ती मुलगी मला मान हलवून सांगते. पहिल्या रविवारी मी तिची माफी मागितली. तिनं माझे कान बघितले.

मैत्रीण मधे अंबरनाथला एका लग्नात भेटली. जरीची साडी, तीच जुनी हसण्याची पद्धत. जेवणाच्या रांगेत माझ्या मागे येऊन उभी राहिली. पाचवीपासूनचा तिचा तो हात माझ्या खांद्यावर पडला.

"कशी आहे गं कुत्री?" तिनं विचारलं.

मला तो हात झटकायचा होता. सगळ्यांदेखत सांगायचं होतं. मी म्हणाले, "बरी आहे," आणि ताट पुढे केलं. घरी येऊन साडी सोडताना त्या खांद्यावर तिच्या अत्तराचा वास येत होता. साडी मी धुवायला टाकली, आणि दोन शब्दांत तिला मोकळं केल्याचा राग कित्येक दिवस माझ्याच मनात राहिला.