टायरवरचा खडू

महामार्गावर गाड्या थांबायचा तळ आहे ना, तिथले संडास-बाथरूम मी साफ करते. सतरा वर्षं झाली. साहेबलोक येतात, फोटो काढतात, जातात. त्यामुळे इथलं खरं काय ते मलाच विचारा.

फाटकाजवळ पाटी आहे. गाडी दहा तासांच्या वर उभी करू नये. झोपायचं तर गाडीत, गाडीबाहेर झोपायला सक्त मनाई. आता पाटी वाचून सुधारलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. नियम चालायचा तो खडूमामांमुळे. मामा म्हणजे आमचे चौकीदार. गाडी आली की पुढच्या टायरवर खडूने वेळ लिहायचे आणि रांगेत लावायचे. आधी आलेला पुढे, नंतरचा त्याच्या मागे. आधी आलेलाच आधी जाणार, मग अडचण कुणाची? दहा तास भरायला पंधरा मिनिटं उरली की मामा दारावर दोनदा टकटक करायचे, जरा थांबून आणखी एकदा. मिनिटभर आधी नाही की नंतर नाही.

"मोबाईलचा गजर झोपेतच बंद करता येतो," ड्रायव्हर म्हणायचे, "मामांना कसं बंद करणार?"

कुणी आणखी पाच मिनिटं मागितली तर मामा म्हणायचे, "झोप मोडणार नाही, पण वाढवूनही देणार नाही."

मग नवे साहेब आले. तरणेताठे, हातात टॅब. खांबावर कॅमेरा बसवला. दहा तास झाले की दंड आपोआप मोबाईलवर. "आता खडूची गरज नाही," म्हणाले, आणि मामांना एक तारखेपासून घरी बसवलं. अठ्ठावीस वर्षांची नोकरी अशी पाटी पुसावी तशी पुसली! माझं डोकं असं फिरलं, पण माझ्या हातात झाडू, त्यांच्या हातात सही.

मामा घरी गेले खरे, पण डोळ्याला डोळा लागेना. जन्मभर रात्री जागलेला माणूस. तीन रात्री अंगणात नुसत्या येरझारा. मामी माझ्याजवळ रडली. "जगाला झोपवलं गं यांनी," म्हणाली, "आणि यांनाच झोप नाही. माणूस हातचा जाईल माझा."

तळावर तीन रात्री गाड्या तुरळक होत्या, निभावलं. चौथ्या रात्री तळ खचाखच भरला. सवयीने सगळे रांगेत लागले आणि निवांत झोपले. सकाळी सात वाजता पहिल्यांचे दहा तास भरले. दंड गेले, पण दंडाने कोण जागं होतंय? पुढचे घोरतायत आणि मागचे अडकलेत. हॉर्नचा नुसता गोंगाट. अहो, हॉर्न ऐकून उठणारा ड्रायव्हर कुणी पाहिलाय का? हॉर्नमध्ये तर त्यांना अंगाईसारखी झोप लागते.

दुपारी साहेब स्वतः दारं बडवत सुटले. पहिल्याच ट्रकमधून आवाज आला, "कोण आहे रे?"

"उठा! दहा तास कधीच होऊन गेले!"

"काहीतरीच काय! झाले असते तर मामांनी उठवलं असतं," असं म्हणून तो कूस बदलून झोपला. दुसराही तेच म्हणाला. तिसऱ्याने तर साहेबांना डिझेलचोर ठरवलं.

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. मला म्हणाले, "मामांचं घर दाखवता का?" म्हटलं, चला की! एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

दोन वाजता आम्ही पोचलो. मामी दारातच, तोंडावर बोट. आत मामा खाटेवर गाढ झोपलेले. त्या दिवशी पहाटे कुठे डोळा लागला होता. खाटेच्या पायावर मामीच्या अक्षरात खडूने लिहिलेलं, 'सहा'.

"उठवा त्यांना," साहेब म्हणाले. "पुन्हा कामावर घेतोय. आत्ताच्या आत्ता."

मामीने पदर खोचला. "सहाला झोपलेत. चारला दहा तास होतील. पाटी तुमचीच आहे ना?"

"अहो, तिथे साठ गाड्या अडल्यात!"

"अडू देत. अठ्ठावीस वर्षांत यांनी कुणाची झोप मोडली नाही. यांची मी मोडू देणार नाही."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे बघायला लागले. शेवटी बिचारे पायरीवर बसले. मामीने पाणी दिलं, तेवढी माणुसकी आहे तिच्यात. दारं बडवून बडवून हात सुजले होते त्यांचे. खांबाला टेकले आणि थोड्या वेळाने तिथेच आडवे झाले.

पावणेचारला मामीने खाटेवर दोनदा टकटक केलं, थांबून एकदा. मामांनी डोळे उघडले, तोंड धुतलं. मी घाईघाईने सगळं सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. फळीवरचा खडू खिशात टाकला आणि दारात आले.

पायरीवर साहेब तोंड उघडं टाकून घोरत होते. मामा वाकले, पायरीवर अदबीने टकटक केली. दोनदा, मग एकदा. साहेब दचकून उठून बसले.

"माफ करा, साहेब," मामा म्हणाले, "पण गाडीबाहेर झोपायला सक्त मनाई आहे."