पणजोबांची म्हैस

आमच्या पणजोबांनी निजामाच्या शिपायाच्या कानाखाली आवाज काढला आणि रातोरात घोड्यावर बसून ईट गाव सोडलं, ही गोष्ट वडील मला लहानपणापासून सांगत आले. दर वेळी शिपाई थोडा उंच व्हायचा. यंदा दिवाळीनंतर मी त्यांना आणि माझ्या आत्याला गाडीत घातलं आणि म्हटलं, चला, पूर्वजांची गावं बघून येऊ. आत्या वडिलांहून मोठी, त्यामुळे घरात त्यांना गप्प बसवू शकणारी ती एकटीच.

आधी तेरला गेलो. ईट सोडल्यावर पणजोबा तिथंच स्थायिक झाले होते. आमचं घर होतं तिथं आता मोबाईलचं दुकान आहे. वडील त्यासमोर हात मागं बांधून इतका वेळ उभे राहिले, की दुकानदारानं विचारलं, "काका, रिचार्ज का?" आत्या शेजारी गरम भजी खात होती. तिचं म्हणणं, पूर्वजांना भेटायचं तर पोट भरलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी ईट. पणजीच्या भावाची नात अजून तिथं राहते. आत्याची आणि तिची एका लग्नात ओळख झाली होती. म्हातारी स्लॅबच्या घरात टीव्हीवर मालिका बघत होती. आम्हाला बघून तिनं आवाज कमी केला, बंद मात्र केला नाही.

चहा झाल्यावर वडिलांनी घसा खाकरून विचारलं, "आमच्या आजोबांनी त्या शिपायाला नेमकं कुठं मारलं हो?"

"कुठला शिपाई?"

"निजामाचा. मग ते घोड्यावरून..."

"घोडा?" म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. "दादा, तुमचा आजा हितं घरजावई हुता. सासू लई कडक. एक दिस म्हस चारायला धाडला, तर हा झाडाखाली झोपला आन म्हस गेली. सासू म्हनली, म्हस घिऊन ये, न्हायतर तोंड दावू नगंस."

"मग?"

"म्हस सांजच्याला आपल्या पायानं घरी आली. तुमचा आजा काय आला न्हाय."

आत्यानं तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. वडील म्हणाले, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायचं काय त्यात? समद्या गावाला म्हाईतंय."

वडिलांचा चेहरा असा झाला, जणू शिपायानंच त्यांच्या कानाखाली वाजवली. मला हसू आवरेना, आणि दयाही येत होती. म्हातारीला ते कळलं असावं. ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "पर माझी आत्याआजी, तुमची आजी ओ, तिनं न्हाय दम धरला. पोरगं काखंत मारलं आन हुडकीत निघाली. आई आडवी आली, तरी ऐकलं न्हाय. चालत तेरला गेली. हा तिथं देवळात निवांत जेवत बसलावता."

खोलीत नुसता मालिकेतल्या सुनेचा रडण्याचा आवाज राहिला. आत्याचं हसू थांबलं होतं. "काखेतलं पोरगं म्हणजे आपले बाबा रे," ती वडिलांना म्हणाली.

वडिलांनी विचारलं, "आजी दिसायला कशी होती?"

"काळी, उंच. आन तोंड लई फटकळ."

"अक्कासारखी," वडील म्हणाले. आत्यानं त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

आम्ही त्याच दिवशी परतणार होतो. म्हातारीनं ज्वारीच्या भाकरी थापायला घेतल्या आणि वडिलांनी निघायला घातलेल्या चपला पुन्हा काढून भिंतीकडं ठेवल्या. रात्र तिथंच काढली. जेवताना ते आपल्या आजीबद्दल एकेक विचारत राहिले. आजोबांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.