पडद्यावरची गल्ली

एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून ते माणसाकडे पाहायचे. “हालू नोका जी, मापून राहिलो,” म्हणायचे. पवनीत चहाच्या टपरीवर मला त्यांनी असं कितीदा तरी मापलं. कशाला, म्हणून विचारलं की नुसते हसायचे. असा माणूस तुमच्याही गावात असेल.

ते पेंटर. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव नाटकं होतात, त्यांचे पडदे रंगवायचे. उरलेलं वर्ष नगरपरिषदेसाठी भिंतींवर स्वच्छतेच्या घोषणा लिहायचे.

आमच्या गल्लीतली नाली उघडी होती. कौसल्याबाई घागर घेऊन येताना तीत पडल्या, पाय मोडला. पेंटरनी घरोघर सह्या घेऊन नगरसेवकांना अर्ज दिला. “पाहू,” एवढंच उत्तर मिळालं.

त्या वर्षी आमच्या मंडळाचं नाटक होतं. मी शाळेत गुरुजी, मंडळाचा सचिव. ‘रस्त्याचा एक पडदा पाहिजे,’ एवढंच मी पेंटरना सांगितलं होतं. उद्घाटनाला नगरसेवक पहिल्या रांगेत, गळ्यात नेहमीचा दुपट्टा. दर्शनी पडदा वर गेला आणि मागे आमचीच गल्ली! उघडी नाली, काठाने गल्लीतलीच सारी माणसं. दारात पेपर वाचत मीसुद्धा.

“अवं, हे तं मीच वो!” काठी टेकत कौसल्याबाई ओरडल्या.

नगरसेवक तावातावाने विंगेत आले. “हे काय काढून ठेवलं?”

“रस्ता काढला जी. सचिवायनं रस्ताच सांगतला होता.”

मला घाम फुटला, आणि हसूही आवरेना.

पंधरा दिवसांत नालीवर फरशा पडल्या. पेंटरचं घोषणांचं काम मात्र बंद झालं. एका दुपारी पाहतो तर देवळाच्या ओट्यावर तोच पडदा पसरून ते नालीवर फरशा रंगवत बसलेले.

“काहून बदलवता? राहू द्या ना, आठवण आहे.”

“नाली झाकली नं जी. आता उघडी दाखवली तं लबाडी होईन.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत पेंटर अचानक गेले. वैनगंगेच्या घाटावर नगरसेवकही आले होते, सगळ्यांच्या मागे उभे. परतताना हळूच म्हणाले, “गुरुजी, त्या पडद्यावर साऱ्यायले काढलं होतं. मी नव्हतो.”

“नव्हते.”

“फरशा टाकल्यावरही नाई?”

ते मलाही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं तसेच मंडळाच्या खोलीवर गेलो, पडदा उलगडला. नव्या फरशीवर एक माणूस उभा होता, गळ्यात दुपट्टा. कोळशाने नुसता रेखलेला. रंग भरायचे राहून गेले होते.