दहावा ब्रेक

गाडी किती पळते याच्याशी दादूसला काडीचं देणंघेणं नव्हतं. आम्ही सुट्टीच्या दिवशी स्पोर्ट्स कार घेऊन ट्रॅकवर जाणारी हौशी मंडळी, इंजिनाच्या गप्पा मारत त्याच्या जासईच्या गॅरेजात शिरायचो, तर हा वर न बघता विचारायचा, "थांबते का पन?" उभा जन्म कंटेनरच्या ट्रेलरचे ब्रेक दुरुस्त करण्यात गेलेला. बोली अस्सल आगरी आणि तोंड फटकळ.

ब्रेकची तुलना करायची त्याची रीत निराळी. जवळच्या द्रोणागिरी वसाहतीत, अजून इमारती न आलेल्या प्लॉटांमधल्या ओसाड रस्त्यावर तो चुन्याची पिशवी घेऊन उभा राहायचा. शंभरच्या वेगाने यायचं, खुणेपाशी ब्रेक दाबायचा, थांबेल तिथे रेघ. असं लागोपाठ दहा वेळा. "पैला ब्रेक कोनाचाबी लागतो," तो म्हणायचा. "मना दहावा दाखव."

एकदा आमच्यातल्या एकाने सहा पिस्टनचे लालभडक परदेशी कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड आवळणारे चिमटे, बसवून आणले. पहिल्या रेघेला त्याने मला हरवलं. माझे कॅलिपर कंपनीचेच; दादूसने फक्त जास्त उष्णता सोसणारे पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल घातलेलं. दहाव्या वेळी तो माझ्या रेघेच्या दोन गाड्यांच्या लांबीइतका पुढे जाऊन थांबला. जुनं ऑइल उकळून त्याचं पेडल पार मऊ पडलं होतं. "लाल रंगानं गारी थांबत नाय रं!" दादूस खो खो हसला.

ट्रॅकवर जायच्या आधी तो दर वेळी बजावायचा: शेवटची फेरी हळू मार, ब्रेक थंड होऊ दे, आणि तापलेल्या गाडीला हॅन्डब्रेक लावू नकोस; पॅडचा ठसा डिस्कवर उठतो. हे ऐकून माझे कान किटले होते. तरी एका रविवारी फेरीचा सगळ्यांत कमी वेळ माझा आला, फोटोसाठी हाका आल्या, आणि मी तसाच आत येऊन हॅन्डब्रेक ओढून उतरलो. परतताना ब्रेक दाबला की गाडी थडथडायची.

का, ते मला लगेच कळलं होतं. पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे माझी टर उडवायला लागले, तेव्हा मी लिहिलं, 'दादूसने पॅडच भंगार घातले.' वर त्याच्याकडेच गाडी नेली, निर्लज्जासारखी! त्याने मागची डिस्क बोटाने चाचपली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता नवी बसवून दिली. त्यानंतर ग्रुपमधली एकेक गाडी त्याच्याकडे जायची बंद झाली. मीही गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार? ट्रेलरची कामं आधीच मोठ्या गोदामांकडे गेलेली; पुढे गॅरेजला कुलूप लागलं.

परवा एका गोदामाच्या आवारात तो दिसला, या वयात दुसऱ्याच्या हाताखाली, ट्रेलरखाली झोपून काम करताना. मी सगळं ओकून टाकलं.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "डिस्कवर ठसा व्हता. तवाच कललं."

"मग बोलला का नाहीत, दादूस?"

"मी कनाला सांगू? वाटलं, तू सांगशील."

"आजच ग्रुपवर लिहितो," मी म्हणालो. तो पुन्हा ट्रेलरखाली सरकला.

काल ग्रुपवर कुणीतरी विचारलं, ब्रेकसाठी भरवशाचा माणूस कोण? मी वाचलं, आणि गप्प बसलो.