लाल काचेवरचा शेंदूर

सहा वाजून गेले की माझे हात घरातल्या कामात नीट चालत नाहीत. भाकरी थापते, पण कान रस्त्याकडे असतात. मग एखादी भाकर करपते. माझा मुलगा हरिओम ती करपलेली भाकर ताटात उलटसुलट करून पाहतो आणि म्हणतो, "माय, आज संजीवनीले उशीर झाला वाटते." भाकरीवरून त्याला घड्याळ कळतं.

संजीवनी म्हणजे त्याची बायको, माझी सून. आमच्या वडनेर भोलजीपासून नांदुऱ्याच्या बाजूला पाचेक किलोमीटरवर, हमरस्त्याला लागून कापसातली सरकी काढायची एक जिनिंग आहे. तिथे ती वजनकाट्यावर बसते. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन घ्यायचं, कॉम्प्युटरवर चढवायचं आणि चिठ्ठी काढून द्यायची. काम बसून आहे, पण मोठमोठ्या मिशांचे गडी तिच्या खिडकीपुढे मान वाकवून म्हणतात, "ताई, माझी गाडी आधी घ्या ना." घरी तिचं एवढं कोणी ऐकत नाही. मीही नाही, खोटं कशाला सांगू.

तिचं माहेर सोनाळ्याचं. आठवीत शाळेतून तिला सायकल मिळाली होती. लग्न झालं तेव्हा ती सायकल टेम्पोत कपाटाला बांधून इथे आली. शेजारच्या पुष्पाबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अव माय, सून आणली का पोस्टमन?" मीही हसले. पुढे एका श्रावणात पुष्पाबाईंना ताप चढला, घरात कोणी नव्हतं, तेव्हा ह्याच पोस्टमनने भर पावसात नांदुऱ्याहून औषध आणून दिलं. त्या दिवसापासून पुष्पाबाई सायकलला वाट देतात, मग ती रिकामी उभी असली तरी.

छकुली, माझी नात, पाच वर्षांची झाली आणि संजीवनीने काट्याचं काम धरलं. पहिल्या दिवशी ती इतकी लवकर तयार झाली की कोंबडाही तिच्यानंतर आरवला. संध्याकाळी आली ती हसतच. "आत्याबाई, आज एकशे चौदा गाड्या घेतल्या म्या. एकही वजन चुकलं नाही!" त्या आवाजात जे होतं ते मी ह्या घरात कधी ऐकलं नव्हतं. माझ्या तोंडून तर नाहीच.

अडचण एकच. कापूस दसऱ्यानंतर येतो आणि दिवसही तेव्हाच आखडायला लागतो. तिची सुटी साडेसहाला. रस्ता चार पदरी झाल्यापासून ट्रक असे जातात की कडेच्या बाभळी हलतात. पांढरा पट्टा आणि मातीची कड ह्यांच्या मधल्या हातभर जागेतून ती येते. पुढे हँडलला ट्यूबच्या रबराने बॅटरी बांधलेली. मागे मडगार्डवर लाल काच. त्या काचेत स्वतःचा उजेड नसतो. मागच्या गाडीचा उजेड पडला की ती चमकते, तेवढाच तिचा आधार. हरिओमने मोटारसायकलवर आणायला जावं, तर त्या वेळी त्याची मोटारसायकल भाजीच्या क्रेटांखाली दबलेली. आमचा दोन एकर भाजीपाला, वांगी-मेथी संध्याकाळी तोडून गाडीत चढवायची असतात.

म्हणून मी रोज सहा-चाळीसला हमरस्त्यावरून गावात वळतात तिथे जाऊन उभी राहायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, गुडघे मोकळे करायला आले. लांबून एकेक दिवा येतो. मोठा असला तर ट्रक, दोन असले तर कार, एकच थरथरणारा असला तर आमची. कधी तो थरथरणारा दिवा दुसऱ्याचाच निघायचा आणि मी पुन्हा पहिल्यापासून दिवे ओळखायला लागायचे.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. त्या संध्याकाळी सात वाजले तरी ती आली नाही. सव्वासात झाले. मग कडूबाचा ट्रॅक्टर आला, अगदी हळू, आणि त्याच्या पुढे संजीवनी सायकल हातात धरून चालत होती. सलवार गुडघ्यावर फाटलेली, कोपराला रक्त. कडूबा आमच्याच आळीतला. लोकांचा कापूस ट्रॉलीने जिनिंगला पोचवतो.

अंगणात आल्या आल्या त्याने आवाज चढवला. "काकू, समजवा हिले! मागून काहीच दिसत नाही हो. मले वाटलं रस्ता रिकामा आहे. अंगावर जाणार तेवढ्यात हिची काळी ओढणी हलली. ब्रेक मारला, ही कडेले पडली, म्हणून वाचली, नाहीतर उद्या मले लोकायनं जाळलं असतं!"

संजीवनीने सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "कडूबाभाऊ, मागं लाल काच आहे. तुमच्या लाइटात दिसायले पाह्यजे होती."

"काच असती तर दिसली असती ना. म्या काय आंधळा आहो?"

हरिओमने सायकल वळवून बल्बाखाली धरली. "काच तर जाग्यावर आहे. लाल आहे. कडूबा, खरं सांग बे, मोबाइल पाहून राह्यला होता ना?"

"छकुलीची शपथ घेऊ का?"

"माह्या पोरीची काऊन घेतं? सोताची घे!"

दोघं एकमेकांच्या अंगावर जातात की काय असं झालं. मी मध्ये पडले. कडूबा पाय आपटत गेला. त्याचा पाय मोडायचा विचार हरिओमने तेवढ्यापुरता सोडला आणि तो बायकोकडे वळला.

"झालं तेवढं लय झालं. उद्या फोन करून सांग, येत नाही म्हणून. पोरीले माय पाह्यजे, काटा नाही."

मी हळद लावत होते तर कोपर आखडूनही घेतलं नाही तिने.

सकाळी हरिओम भाजीच्या वाडीत गेला. मी सायकल धुवायला घेतली. चाकं, साखळी, मडगार्ड, सगळा चिखल निघाला. काच पुसली, तर तिला चकाकी येईना. पुन्हा पुसली. डाव्या हाताच्या नखाने खरवडलं, तर नखात केशरी पापुद्रा आला. मी तो उन्हात धरून पाहिला आणि तिथेच ओल्या दगडावर बसले.

तो शेंदूर होता. माझाच.

दसऱ्याला आमच्याकडे नांगर, विळा, मोटर, मोटारसायकल सगळ्यांना धुऊन हळदकुंकू लावतात. संजीवनीची सायकलही पूजेला असते. पण कुंकू लोखंडावर टिकत नाही, चार दिवसांत उडून जातं. ती रोज अंधारात येते, तिचं कुंकू उडून कसं चालेल? म्हणून ह्या वर्षी मी मारुतीच्या शेंदरातला थोडा मागून आणला आणि जवसाच्या तेलात कालवला. जवसाचं तेल वाळलं की वार्निशसारखं घट्ट बसतं, हे मला माझ्या बापाने बैलगाडी रंगवताना दाखवलं होतं. आणि लावायला जागा कोणती शोधली? मागची लाल काच. गोल, मधोमध, अगदी कपाळासारखी. दोन बोटांनी पूर्ण काच भरून लावला आणि हात जोडून म्हटलं, बाबा, मागून येणाऱ्यापासून राख तिला.

लालावर शेंदरी, वर रस्त्याची धूळ, दिवसा कोणाला काय दिसणार? बल्बाखालीही दिसलं नाही. चार आठवडे ती बिनकाचेची येत होती आणि मी रस्त्यावर उभी राहून तिची काळजी करत होते.

आता खरं सांगते. पहिला विचार आला तो गप्प बसायचा. लाजेने नव्हे, लाजेचं काय, ह्या वयात ती सोसते. विचार असा आला की काच अशीच राहू दे. हरिओम काम सोडायला लावतो आहे, लावू दे. सून सहा वाजता घरात असेल. मी भाकर न करपवता करीन, पोटभर जेवीन, झोपेन. कोणाचं काय बिघडलं? कडूबा खोटारडा ठरला, तर तो तसाही बाजारात वांग्याचे भाव खोटेच सांगतो.

मी आत गेले. संजीवनी काट्यावर घालायचा निळा शर्ट घडी करून ट्रंकेत ठेवत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आत्याबाई, मागून ट्रॅक्टरचा आवाज आला तसं म्या कडेले घेतलं होतं. तरी माह्यंच काही चुकलं असन. कडूबाभाऊ उगाच कशाले खोटं बोलतीन?"

शर्टाची घडी तिला बसत नव्हती. ती उलगडत होती, पुन्हा घालत होती.

मी परत बाहेर आले आणि काचेला खोबरेल चोळायला लागले. दुपारपर्यंत चोळलं. रिठ्याच्या पाण्याने धुतलं. अर्ध्या काचेवरचा शेंदूर निघाला आणि माझी बोटं आखडली. हरिओम जेवायला आला तेव्हा मी ताट वाढायच्या आधी म्हटलं, "त्या काचेवर शेंदूर म्या लावला होता. कडूबा खरं बोलला."

त्याने मला दोनदा सांगायला लावलं. मग सायकलीपाशी जाऊन पाहून आला. चिडेल वाटलं, पण तो चिडला नाही, ते जास्त वाईट.

"माय, शेंदूर निघाला म्हणून ट्रक थांबते का? काच चमकली तरी भेव आहेच ना?"

"आहे. मले तुह्याहून जास्त आहे," मी म्हटलं. "पण तिले घरी बसवाचं असन तर भेवापायी बसव. माह्या चुकीपायी नको बसवू."

संजीवनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ही बोलेल, तिचा हक्कच होता. तर म्हणते, "आत्याबाई, तुम्ही जवसाचं तेल घेतलं? मंग तर माह्या नातवापर्यंत निघणार नाही." आणि हसली. मला मात्र हसू आलं नाही.

दिवस मावळल्यावर हरिओमच कडूबाला बोलवायला गेला. काय बोलला ठाऊक नाही, पण दोघं एकच विडी आळीपाळीने ओढत परत आले. वाडीकडच्या कच्च्या रस्त्यावर सायकल उभी केली, पाठ आमच्याकडे. कडूबाने आमच्यासकट साठ-सत्तर पावलं मागे ट्रॅक्टर नेला आणि लाइट लावला.

सायकल दिसलीच नाही. चाक नाही, मडगार्ड नाही. काळ्या रस्त्यावर अर्धी काच तेवढी निखाऱ्यासारखी पेटलेली, आणि तिचा दुसरा अर्धा भाग विळ्याने कापून नेल्यासारखा काळा. पूर्ण काच काळी असताना तिथे काय दिसलं असेल ते सगळ्यांना एकदमच कळलं. छकुलीने माझा पदर घट्ट धरला.

कडूबा खाली उतरला. "पाह्यलं ना? म्या खोटा होतो का?"

"नाही बाप्पा, तू हरिश्चंद्राचा नातू," मी म्हटलं. "आता तुह्या ट्रॉलीच्या मागं जाऊन पाहू का? तिथी तर अर्धी काचही नाही. दोन वर्षांपासून सुतळी लोंबून राह्यली लाल दिव्याच्या जागी."

"काकू, ते... ट्रॉली मोठी आहे ना, दिसते."

"पांढरा कापूस भरला आहे तोवर दिसते. रिकामी ट्रॉली कोणाले दिसते बे? हिची सायकल एखाद्या दिवशी तिच्यातच घुसली असती."

हरिओम सायकलीपाशी उकिडवा बसला होता. त्याने मोटारसायकलच्या टाकीतून चिंधी ओली करून आणली आणि उरलेली अर्धी काच तो स्वतः पुसायला लागला. बराच वेळ पुसत होता. शेवटी मान वर न करता बायकोला म्हणाला, "ती काळी ओढणी घालू नको. आणि उद्या मी येईन तोवर निघू नको. मागं लावाचा बॅटरीचा दिवा आणतो, लुकलुक करणारा. तो नाही भेटला तर नाही जायाचं."

"हाव," ती म्हणाली.

दिवा मिळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तो सीटखाली बसवला, मडगार्डवर रेडियमच्या दोन पट्ट्या चिकटवल्या, पेडलांनाही चिकटवल्या. ती अर्धा दिवस उशिरा कामावर गेली. जाताना शर्ट चुरगळलेलाच होता.

सहा-चाळीसला मी वळणावर. त्या दिवशी गुडघ्यांचं निमित्त कोणाला सांगितलं नाही. दोन ट्रक, एक कार, एक बिनदिव्याची मोटारसायकल, तिच्यावरच्या पोराला मी मोठ्याने बोलले, त्याला काय ऐकू जाणार! मग लांबून तो थरथरणारा दिवा आला. तो आमचाच असेल असं मी मनाला समजू दिलं नाही, अगदी हातभर जवळ येऊन घंटी वाजेपर्यंत.

"आत्याबाई, बसा मागं. घरी सोडते."

"मी येते चालत. तू थांबू नको, हो पुढं."

"काऊन?"

"हो पुढं, सांगितलं ना!"

ती गेली. तिची पाठ मला पाहायची होती, तिच्या मागे येणाऱ्याला ती कशी दिसते ते. लुकलुक दिवा दिसत होता, पण मला तेवढ्याने बरं वाटेना. काच कशी आहे? तेवढ्यात हमरस्त्यावरून कडूबाचा ट्रॅक्टर वळला. उजेड रस्त्यावर पसरत गेला आणि सायकलच्या मागे ती गोल काच पूर्ण, गच्च लाल पेटली. कडूबाने वेग कमी केला. तिच्या बराच मागे तो तसाच बैलाच्या चालीने चालत राहिला. माझ्यापुढून त्याची रिकामी ट्रॉली गेली, तर तिच्या मागेही रेडियमची एक पट्टी. वाकडी लावलेली, पण होती.

मी त्यांच्या मागे चालू लागले. माझ्या हातात काही दिवा नव्हता, हे अर्ध्या रस्त्यात आल्यावर लक्षात आलं. मग मी मातीच्या कडेला उतरले आणि कडेकडेनेच घरी गेले.